मास्तरांचा वाटा

किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टच्या रिसेप्शनची भिंत मोजायला गेले होते. टेपचं एक टोक मालकाच्या हातात दिलं, दुसरं घेऊन कोपऱ्यात गेले आणि तिथे पोचताच नाक आपोआप फुगलं. जे यायला हवं होतं ते आलं नाही. गवती चहाचा वास आला. मालकाने कोपऱ्यात वास सोडणारं एक यंत्र ठेवलंय, त्यातून अधूनमधून फुसकारा निघतो. गवती चहा आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर उगवतो आणि सर्दी झाली की आठवतो. पुण्याच्या या माणसाने त्याला मानाने रिसेप्शनमध्ये बसवलंय.

ही खोली पूर्वी मांगर होती, जाळी ठेवायची खोप. वाडीची रापण इथे राहायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी त्याचा अर्धगोल समुद्रात टाकून येते आणि अर्धी वाडी दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना लागून ते बाहेर खेचते. खेचायची. ते जाळं इथे डोंगरासारखं पडलेलं असे. ओला काथ्या, डांबर, विडी, उंदीर आणि जाळ्यात कुठेतरी अडकून राहिलेली मागच्या आठवड्यातली एखादी तारली, असा सगळा मिळून त्या मांगराचा एक वास होता. त्याच्याबद्दल मला प्रेम वगैरे नाही. लहानपणी आत गेलं की मळमळायचं. पण तो गेल्यावर कळतं की खोली कोणीतरी घासूनपुसून विकलेली आहे.

माझा फ्लेक्सचा धंदा आहे. बाजारात दुकान, आत एक मोठं मशीन. वाढदिवसाचे पुढारी, बारशाची बाळं, दहावी पास झालेल्या मुली, स्कुबा डायव्हिंग आणि भावपूर्ण श्रद्धांजली हे सगळं त्याच मशीनमधून, त्याच उग्र शाईच्या वासात बाहेर पडतं. पुढाऱ्याला गोरा करून द्यावा लागतो, मेलेल्याला थोडा तरुण. पत्रकारितेची पदवी आहे माझ्याकडे. तिचा मला रोज उपयोग होतो. कुणाच्या वाढदिवसाला किती हात जोडलेले ठेवायचे हे मी बघताक्षणी सांगू शकते.

मालकाचं नाव केदार. वय पस्तिशीच्या आत, बोलणं गोड, पायात महागडी साधी चप्पल.

"मॅडम, मला इथे एक वॉल हवीय. नॉस्टॅल्जिया वॉल."

"वॉल आहेच," मी म्हटलं. "तीच मोजतोय आपण."

"नाही हो, म्हणजे हरवलेलं कोकण. गेस्ट आत आला की त्याला एकदम ते फील झालं पाहिजे."

'फील' हा शब्द ऐकून माझे कान टवकारले. तो मी फार वर्षांपूर्वी पोटभर ऐकलेला आहे. तेवढ्यात केदारने प्लास्टिकच्या पिशवीतून एक मासिक काढलं, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं.

"रद्दीत मिळालं. गोल्ड आहे हे. हे कव्हर मला या पूर्ण भिंतीवर हवंय."

मी बघितलं. 'गाज'. आतल्या पानावर 'मांडणी' या शब्दापुढे जी दोन नावं आहेत त्यातलं एक माझं, लग्नाआधीचं. ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने लगेच मोबाईल उभा धरून माझी मुलाखत घेतली असती.

मुखपृष्ठावर संध्याकाळचा उजेड आहे, तुपासारखा. कमरेत वाकलेल्या माणसांची रांग, सगळे पाठमोरे किंवा बाजूने. त्यांच्या हातांतून एक दोरी समुद्राकडे जाते. मध्ये तिला झोळ पडलाय, पाळण्याच्या दोरीसारखा. फोटो सुंदर आहे, यात वाद नाही. बघणाऱ्या प्रत्येकाला तो झोळ आवडतो. "काय कर्व्ह आहे!" केदार म्हणाला आणि त्या झोळावरून बोट फिरवलं.

रापणीच्या दोरीला झोळ पडत नाही. पडला, तर समजायचं की काहीतरी चुकलं.

*

त्या काळी आमच्या किनाऱ्यावर जे काही छापून निघे त्याचं नाव 'गाज' असे. नाहीतर 'शिंपला'. समुद्राशेजारी राहणाऱ्या माणसाला गाज ऐकू येत नाही. पंख्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? पण सरांना येत होती. सर मुंबईहून आले होते. तालुक्याच्या कॉलेजात जनसंवाद नावाचा नवा विषय निघाला होता आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक मासिक काढायचं असं अभ्यासक्रमात होतं. पानं आखायची, लिहायची, मांडायची, छापून आणायची. वर्गात आम्ही मूठभर. त्यात मांडणीचं काम माझ्या आणि जेनीच्या गळ्यात पडलं, कारण जेनीला कॉम्प्युटर येत होता आणि माझं घर किनाऱ्यावर होतं. दुसरं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

कॉम्प्युटरची खोली मात्र अजून माझ्या नाकात आहे. चपला बाहेर काढायच्या. आत जाड निळे पडदे, डांबराच्या गोळ्या, प्लास्टिकच्या झाकणांवरची धूळ, आणि एसी. सगळ्या कॉलेजात एसी तेवढाच, त्यामुळे इतिहासाचे सर दुपारचे पेपर तपासायला म्हणून तिथे येत आणि मान टाकून झोपत. त्यांच्या घोरण्यात आणि यूपीएसच्या शिट्टीत आम्ही पानं लावली. वीज गेली की शिट्टी वाजे, आणि जेनी "येशू, येशू" करत पान वाचवायला धावे. कधी वाचे, कधी काळ्या पडद्यात जाई. कवितांची पानं गेली तर आम्हाला वाईट वाटत नसे.

आधी कागदाची कच्ची प्रत करायची. कागद दुमडून, शिवून, त्यावर मजकुराचे तुकडे चिकटवायचे. गोंद संपला तेव्हा जेनीने घरून पेजेची खळ आणली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मुंग्या संपादकीय घेऊन चाललेल्या. खळ लागलेल्या कडा त्यांनी अशा सफाईने कुरतडल्या होत्या, की सर म्हणाले, "ही कड छान आहे, हाताने केल्यासारखी. अशीच ठेवा." त्या कडेचा आकार आम्ही कॉम्प्युटरवर काढून सगळ्या पानांना दिला. पुढे परीक्षकांनी तिचं कौतुक केलं. मुंग्यांना कोणी श्रेय दिलं नाही.

सर बिनबाह्यांचं जाकीट घालत, त्याला खिसेच खिसे. एका खिशात कॅमेऱ्याचे रोल. बोलताना ते समोरच्याकडे बघत नसत, समोरच्याच्या मागच्या झाडाकडे बघत.

"पानांना मातीचा वास यायला हवा," ते म्हणत.

"माती खंय गो?" जेनी माझ्या कानात. "हंय सगळी रेव." आणि मग मोठ्याने, शुद्ध मराठीत, "हो सर."

मजकूर आला तो असा: समुद्रावर सहा कविता, आजीवर तीन लेख, फणसावर एक. एकाही मुलाने लिहिलं नाही की त्याला सकाळची एसटी पकडताना काय दिसतं. सरांना तो मजकूर आवडला. त्यांना आमच्यात जे हवं होतं तेच आम्ही शोधून देत होतो, आणि त्यात आम्ही फार हुशार होतो. मुखपृष्ठासाठी मात्र त्यांना 'जिवंत माणसं' हवी होती.

"तुझ्या वाडीत रापण असते ना?" त्यांनी मला विचारलं. दुसरं कारण कळलं ते तेव्हा.

*

शिमगा होऊन गेला होता. किनाऱ्यावर होळीची राख अजून ओल्या वाळूत काळी दिसत होती. त्या वर्षी बांगडा रुसला होता. आठवडेच्या आठवडे रापण लागे आणि जाळ्यात चार कुर्ल्या, शेवाळ आणि कुणाचीतरी तुटकी चप्पल येई. ऊन तापायला लागलं की आमच्याकडे बायका पावसाळ्याची मासळी सुकवायला घेतात. चार महिने समुद्र बंद, तेव्हा पेजेबरोबर तीच. सुंदरकाकीने, म्हणजे माझ्या काकाच्या बायकोने, मिठाचं पोतं कधीच आणून ठेवलं होतं. अंगणातली चटई रोज झाडायची आणि रोज रिकामी गुंडाळायची. वाडीतल्या सगळ्या अंगणांत तेच. एक मोठा ओढा लागला असता, तर सगळ्यांचा पावसाळा निघाला असता.

आणि सर ज्या दुपारी आले त्याच दुपारी बांगडा लागला. खडकावर बसलेल्या माणसाने ओरडून सांगितलं. पाणी एका जागी काळं झालं होतं आणि त्यावर पाऊस पडल्यासारखे बारीक थेंब उडत होते. होडी सुटली. जाळं पडलं. वाडी दोरीला लागली. माझा काका, भाईकाका, रापणीचा तांडेल. तो पुढे उभा राहून हाळी देत होता आणि त्या हाळीवर सगळे एकदम मागे झुकत. दोरीतून पाणी पिळून निघे, काथ्या करकरे. त्या आवाजाला गाज म्हटलं असतं तर मी काही बोलले नसते.

सरांनी पँट दुमडली. "अनुभव घ्यायला पाहिजे," म्हणाले आणि दोरी धरली. चार श्वास ओढली असेल. हात पोळले तसे सोडून, झटकत, कॅमेरा घेऊन उंचवट्यावर गेले. कोणी हसलं नाही. पाहुण्याने दोरीला हात लावला हे वाडीने मनात नोंदवलं.

जाळ्याची दोन टोकं जवळ आली. पाणी उकळल्यासारखं झालं. सूर्य बरोबर मागे उतरला होता. बायका टोपल्या घेऊन पाण्याच्या कडेला सरकल्या, सुंदरकाकी सगळ्यांत पुढे, लुगडं गुडघ्यावर खोचून.

"थांबा!" सर ओरडले. "एक मिनिट थांबा! हलू नका! लाईट अप्रतिम आहे!"

आणि रापण थांबली.

लोक नंतर मला विचारत, थांबली कशी? तिथे कुणी वेडं नव्हतं. पण आमच्याकडे शुद्ध मराठीत, मोठ्या आवाजात कोणी काही सांगितलं की हात आपोआप थांबतात. तसं बोलणारा माणूस म्हणजे ओरोसहून, जिल्ह्याच्या कचेरीतून आलेला, सरकारी, हातात कागद असलेला. तो थांब म्हणाला की थांबायचं, कारण मग विचारायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. भाईकाकासुद्धा हाळी अर्धी गिळून मागे बघायला लागला.

"ओढा रे!" हा एकच आवाज. सुंदरकाकीचा. "मेल्यांनो, थांबलास कित्याक? मासो फोटोक थांबता काय? ओढा!"

मीही ओरडले, मालवणीतच. सरांनी डोळ्याला लावलेला कॅमेरा न काढता माझ्याकडे हात हलवला, माशी हाकलावी तसा.

दोरी सैल झाली. दोरी सैल झाली की जाळ्याचा पाय तळावरून सुटतो, आणि बांगड्याला तेवढं पुरतं. जाळ्याच्या पलीकडे पाणी एकदम काळं झालं, थेंब उडाले, आणि ते काळं हळूहळू बाहेर, खोलात निघून गेलं. कॅमेरा तेवढ्या वेळात खटखट वाजत राहिला.

"ओके! थँक्यू! चालू ठेवा!"

*

चालू ठेवलं. जाळं आलं. त्यात मासळी होती, अगदीच नव्हती असं नाही. घराघराला त्या रात्रीचं कालवण होईल इतकी. कोणी सरांना काही बोललं नाही. शिव्या द्यायच्या तर त्याही त्या माणसाला त्याच्या भाषेत द्याव्या लागतात, आणि तेवढी तयारी कुणाचीच नव्हती.

मग वाटे घातले. रापणीचा नियम असा की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. वाडीचा असो, पाहुणा असो, वाटेने चाललेला असो. किती ओढलं हे विचारायचं नाही. वाळूवर सारखे ढीग घालायचे, आणि कुणाला कुठला ढीग हे ठरवणारा ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर काठी ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाही, त्यामुळे लहानमोठ्याची तक्रार नाही. नाव घेतलेला वाटा ज्याचा त्याने उचलायचा. त्याने नाही उचलला तर दुसऱ्याने हात लावायचा नाही. वाळूवरच राहतो तो.

भाईकाका समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. उन्हं गेली होती.

"ह्यो कोणाचो?"

"गजाचो."

"ह्यो?"

"होडीचो."

"ह्यो?"

"देवाचो."

"ह्यो कोणाचो?"

काका जरा थांबला. त्याच्या पाठीवरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं.

"मास्तराचो."

आपलं नाव ऐकून सर पुढे आले. त्यांना वाटलं, चार शब्द बोलायला सांगताहेत. ते बोललेही. श्रमाची लय, सामूहिकता, समुद्राचं देणं. बोलताना ते आमच्या डोक्यांवरून माडांकडे बघत होते. त्यांच्या पायाशी त्यांचा वाटा पडला होता, मोजून पाच-सहा बांगडे, डोळे अजून ताजे.

"मास्तर," सुंदरकाकी म्हणाली, "तुमचो वाटो उचला."

"अहो, नको नको, तुमच्यासाठीच ठेवा," सर हसून म्हणाले. मोठेपणाने.

"आमका नको. तुमचो तो. उचला, नायतर कावळे खातले."

"हे साफ कोण करणार?" सरांनी मला हळूच विचारलं. "आणि एसटीत वास येईल ना." ते गेले. ढीग तिथेच राहिला. वाडीतल्या पोरांनीसुद्धा त्याच्याकडे बघितलं नाही. सकाळी मी गेले तर वाळूवर कावळ्यांच्या पायांची नक्षी होती, छापील कापडासारखी, आणि खवल्यांची चमक.

*

फोटो धुऊन आले. सगळ्यांत चांगला तोच, थांबलेल्या रापणीचा. पण डाव्या कडेला सुंदरकाकी होती. एक हात वर, लुगडं खोचलेलं, तोंड उघडं, इतकं की आतला एकुलता सोन्याचा दात दिसावा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती खोलीत ओरडतेय असं वाटे. इतिहासाचे सरही जागे झाले.

"डावीकडचं काप," आमचे सर म्हणाले. "ती बाई फ्रेम बिघडवते. बाकी सगळं किती शांत आहे बघ."

"ती हिची काकी आहे, सर," जेनी म्हणाली.

"मग सांभाळून काप."

कापली. काम होतं ते. उभं पान, आडवा फोटो, काहीतरी जाणारच. तिच्या जागी आकाश आलं आणि आकाशावर 'गाज' ही अक्षरं छान बसली. छापखान्यात रॉकेलच्या आणि शाईच्या वासात पहिली प्रत हातात घेतली, तेव्हा ती अजून गरम होती, दमट होती, आणि बोटांना सोनेरी रंग लागला. तो रंग मला आवडला होता. आता तसा रंग मशीन रोज फेकतं आणि त्याचं काही वाटत नाही.

मासिकाला बक्षीस मिळालं. सर ते काखोटीला मारून पुन्हा मुंबईला गेले. दरवर्षी आंब्याच्या दिवसांत त्यांचा एक लेख येतो, हरवलेल्या किनाऱ्याबद्दल, त्यात रापण असतेच आणि ते स्वतः दोरी ओढत असतात. लेखात बांगडा पुष्कळ मिळतो.

एक प्रत मी घरी नेली होती. सुंदरकाकीने ती उघडली, उलटी केली, हुंगली.

"मी खंय आसंय?"

"कापली तुका."

"बरा केलंस. नायतर माझो आवाज ऐकाक इलो असतो." मग मासिक माझ्या हातात परत देऊन म्हणाली, "ह्येचा कालवण होता काय गो? पावसात घालूक?" त्या पावसाळ्यात आमच्या वाडीत पेजेबरोबर लोणचं होतं. कैऱ्या भरपूर होत्या त्या वर्षी.

*

केदारचं कव्हर मी मशीनवर टाकून बघितलं. छापील चित्र मोठं केलं की ठिपके फुटतात. भाईकाकाच्या डोक्याच्या जागी गोवर उठला. शिवाय भिंत आडवी आणि पान उभं. मूळ फोटो माझ्या दुकानात, जुन्या कामांच्या सपाट खणात होता, मुंग्यांनी खाल्लेल्या कच्च्या प्रतीखाली. तो आडवा. भिंतीच्या मापाला अगदी बरोबर. यात भावनेचा भाग नव्हता. माप जुळलं, छापला.

मशीनचं डोकं इकडून तिकडे सरकत होतं आणि डावीकडून सुंदरकाकी बाहेर येत होती. आधी मूठ, मग कोपर, मग तोंड. सोन्याचा दात माझ्या तळहाताएवढा आला.

भिंतीवर लावल्यावर केदारने काकीवर बोट ठेवलं. "ही कोण? गातेय का? रापणीची गाणी असतात ना?"

"ओरडतेय."

"काय?"

"ओढा."

"वा!" तो म्हणाला. "किती ऑथेंटिक." दुसऱ्या आठवड्यात गेले, तर पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून, एक हात वर करून, तोंड उघडून फोटो काढून घेत होते. चार वाजता किनाऱ्यावर 'रापण अनुभव' असतो. रिकामी दोरी, पलीकडच्या टोकाला खांब. ओढतात, हसतात, हात पोळले म्हणून एकमेकांना दाखवतात, आणि आत येऊन सरबत पितात. मला त्यांचा राग येत नाही. राग यायला समोरचा थोडा तरी मोठा लागतो.

सुंदरकाकीच्या कानावर गेलंच. भाईकाका जाऊन बरीच वर्षं झाली. ती कमरेत वाकली आहे, तोंडात नाही. "माका दाखव," म्हणाली. मी तिला स्कूटरवर मागे बसवून नेलं.

रिसेप्शनमध्ये शिरताच तिने नाक वर केलं. "सर्दी कोणाक झाली?" मग भिंतीकडे वळली. स्वतःकडे तिने नुसतं ओझरतं बघितलं, लोक आरशाकडे बघतात तितकं. पुढे गेली, नवऱ्याच्या पाठीशी क्षणभर थांबली आणि तिथून दोरीवरून डोळे नेत नेत समुद्रापर्यंत गेली. बोटाने तो झोळ दाखवला.

"हंयसून गेलो," म्हणाली. बांगडा.

केदार धावत आला. "काकू, तुम्हीच का त्या? अहो, काय योग! बसा ना, एक व्हिडिओ..."

"झिला, ह्या भिंतीर माका लावलंस मां?"

"हो काकू!"

"आणि लोक बघूक येतत?"

"खूप येतात!"

"मगे माझो वाटो खंय?"

केदार माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे बघितलं. फ्लेक्सच्या कोपऱ्यातली आयलेटची एक कडी सुटायला आली होती.

"जेवून जा ना काकू, बांगडा फ्राय आहे आज..."

"फ्राय नको. ओलो दाखव."

स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा लांब ओटा आहे, आरशासारखा. स्वयंपाक्याने परातीतून बांगडे आणले. काकीने गालफडं उचलून बघितली, दोन नापसंत करून बाजूला सारले आणि उरलेल्यांचे ओट्यावर ढीग घातले, सारखे, शेपट्या एका बाजूला. मग ओट्याकडे पाठ करून उभी राहिली. दारात पाहुणे जमले. मला काय करायचं ते कोणी सांगावं लागलं नाही. तिथे पडलेला झारा घेतला आणि पहिल्या ढिगावर ठेवला.

"ह्यो कोणाचो?"

"माझो."

"ह्यो?"

"तुझो. तुझो हात लागलो हा."

"आणि ह्यो?"

काकी थांबली. अगदी तेवढीच, जेवढा तेव्हा भाईकाका थांबला होता.

"मास्तराचो. तो थंयच ऱ्हवांदे."

आमचे वाटे मी पिशवीत भरले. केदार भारावून गेला होता. तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही, ज्याचा त्यानेच उचलायचा, ही पद्धत त्याला मी समजावून सांगितली आणि ती त्याला इतकी आवडली, की त्याने तो ढीग केळीच्या पानावर ठेवून रिसेप्शनमध्ये आणला, बरोबर त्या भिंतीखाली, समई लावावी तसा. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले. काकी स्कूटरवर मागे बसताना म्हणाली, "भाड्यांनो, कावळ्यांक तरी आत सोडा." रात्री तिच्याकडे तिरफळं घालून कालवण झालं. तिखट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात केदारचा फोन आला. मशीनवर एका पुढाऱ्याचा वाढदिवस अर्धा झाला होता.

"मॅडम, वास यायला लागलाय. पूर्ण रिसेप्शनमध्ये. ते गवती चहाचं मशीन फुल केलं तरी जात नाहीये. गेस्ट विचारताहेत."

"कसला वास येतोय?"

"कसला म्हणजे... मासळीचा, ओला, काहीतरी जुना."

मी त्याला विचारलं, डांबराचाही येतोय का. तो म्हणाला, नाही.

"मग अजून वेळ आहे," मी म्हटलं. "हात लावू नका. मास्तर येऊन नेतील."

फोन ठेवला आणि पुढाऱ्याचा उरलेला अर्धा भाग गोरा करायला घेतला.